मागची वायर

प्रिय दादा,

तुझा गिटारचा जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर वीस वर्षांनी दुरुस्त करून घेतला. कारागीर म्हणाला, "ताई, स्पीकर न जोडता कोणी चालवला होता का? ट्रान्सफॉर्मर त्यानेच जळतो." मी म्हटलं, "काय की."

त्या दुपारी अभ्यासात व्यत्यय नको म्हणून मागची स्पीकरची वायर मीच काढली होती. आवाज येईना म्हणून तू बटण वाढवत गेलास. धूर निघाल्यावर बाबा म्हणाले, "घ्या, अजून वाढवा." तू खाली मान घालून ऐकलंस आणि पुन्हा गिटारला हात लावला नाहीस.

आता संध्याकाळी त्यावर मी वाजवते. आवाज इतका उबदार येतो, की तुला बोलवावंसं वाटतं. पण तू आलास तर आधी हे सांगावं लागेल. म्हणून अजून एकटीच वाजवते.

तुझी धाकटी