मांडवातला रुसवा

भोकर, गुरुवार, सांजच्याला

एका फेट्यासाठी रुसून बसलाय आमचा नवरा, अन् म्हणे फौजी. रेणापूरचे शिवाप्पा म्हंजे ह्यांचे पलटणीतले दोस्त. थंडीत दोघं एका कांबळ्यात झोपलेले, जन्माची दोस्ती. शिवाप्पाच्या पोरीच्या लग्नात माईकवर नावं पुकारून पाहुण्यांना फेटे बांधले, ह्यांचं नाव पुकारलं न्हाई. तर हे न जेवता मांडवातून उठून आले. तवापासून बोलणं बंद. एवढी दोस्ती, अन् फेट्यावर मोडली.

आज शिवाप्पाच्या बायकोचा फोन आला. मंगळवारी लातूरला शिवाप्पाच्या हृदयाचं ऑपरेशन हाय. मी फेट्याचं विचारलंच. ती म्हणाली, "अहो ताई, फेटा पाहुण्याला बांधतात. भावजी तर घरचे. पाहुण्यांना भावजीच फेटे बांधतील असं आमच्या ह्यांनी धरलं होतं."

ह्यांना सांगितलं तर भिंतीकडं तोंड करून म्हणतात, "मग तसं त्यानं बोलायचं होतं." दोघंबी सारखेच येडे. ह्यांच्या हातात बंदुका कुणी दिल्या कोण जाणे.

मी तोंडावर सांगून टाकलं, सोमवारच्या एसटीनं मी लातूरला चालले. येता का न्हाई ते रविवारपर्यंत सांगा. अन् तो माणूस ऑपरेशनच्या टेबलावरून उठलाच न्हाई, तर पुढं रुसायचं कुणावर, तेबी रविवारीच सांगा.