डाव्या दरवाजाचा पोच

प्रिय प्राप्ती, माझे बाये,

ट्रक मिळाला! मंगळवारी दुपारी मी सुकट निवडत बसले होते, तर कुरियरवाला दारात. सही करा म्हणाला. मी म्हटलं, बाबा, माझी सही म्हणजे पाच मिनिटांचं काम, तोवर तू पाणी पी. तशाच सुकटीच्या हातांनी खोका उघडला आणि आतून आपला मिठाचा ट्रक निघाला, वीतभर. अगदी तोच! नाकवाला, हिरवा, मागच्या फाळक्यावर पिवळ्या अक्षरांत ‘केसर’. मी अशी किंचाळले की आबा शेवग्याखालून काठी घेऊन धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. बघितलं आणि मटकन ओट्यावर बसले. म्हणाले, “यो तर आपलाच हाय गो.”

चार दिवसांत तो ट्रक मी पोस्टमनला दाखवला, मासळीवालीला दाखवला, गॅसवाल्याला सिलिंडर खांद्यावर असताना थांबवून दाखवला. म्हटलं, माझ्या नातीनं केलाय, कुठल्या कंपनीत मिळत नाही. कल्पिता शेजारीण येऊन फोटो काढून गेली. ती आता पोलिसात आहे, पण फोटो काढताना जीभ बाहेर काढते ती अजून तशीच. बुधवारी तुला फोन केला तेव्हा हे सगळं सांगायचं होतं, पण तू हल्ली फोन स्पीकरवर ठेवतेस. माझाच आवाज मला परत ऐकू येतो, मग मी बुजते. म्हणून आज पाटी-पेन्सिल घेतल्यासारखी बसले आहे. चौथीच्या पुढे शाळा नाही, तेव्हा चुका पोटात घाल.

तो पहिला खोका आठवतो का ग? तुझा बाप शेव्याच्या बंदरात ट्रेलरवर नवीन लागला होता. बोटीवरच्या कुठल्या खलाशानं त्याला दिला, वर लाल शर्यतीच्या गाडीचं चित्र. तू अकरा वर्षांची. उघडला तर आत गाडी कुठे! वलांडीवर बोंबील टांगावेत तसे प्लास्टिकच्या काड्यांना लटकलेले तुकडे. सोबतच्या कागदावर कसलीतरी परदेशी अक्षरं. तुलाही वाचता येईनात, मलाही येईनात, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाबरोबर तरी एकाच वर्गात बसले. तू नेलकटरनं तुकडे कापायचीस, मी पॉलिश पेपरनं घासायची, आणि गोंद वाळेपर्यंत कपडे वाळत घालायचे चिमटे लावून धरायचे. स्टिअरिंग आपण उजवीकडे बसवलं, कारण आपल्याकडे ते तिकडेच असतं. नंतर खोक्यावरचं चित्र बघून तू रडलीस. मी म्हटलं, गाडी रायगडात आली, आता इथल्यासारखी चालेल.

आणि गोंद! तो तू मला पुढे शिकवलास, मोठी मास्तरीण होऊन. एक पातळ, ब्रशनं लावायचा, सावकाश धरतो पण प्लास्टिक एकजीव करतो. दुसरा झटपट धरणारा, तो काचेच्या तुकड्याजवळ न्यायचाच नाही, वाफ सुटते आणि काच पांढरी पडते. आजी, घाई असेल तरीही नाही, असं बोट नाचवून सांगायचीस. मी विसरले नाही बरं.

कॅलेंडरच्या मागे तू लिहिलेली, कोणी न काढलेल्या गाड्यांची यादी मी अजून जपून ठेवलीय. सगळ्या कंपन्या त्याच त्या लाल गाड्यांची किटं काढतात म्हणून तू चिडायचीस. कोणीच का पाण्याचा टँकर काढत नाही, कोणीच का बर्फ फोडायच्या मशिनचा टेम्पो काढत नाही, म्हणून जपानच्या कंपनीला इंग्रजीत पत्र धाडलंस. त्यांनी आभार मानले. नुसते आभार! मीही माझं सांगून ठेवलं होतं: मासळीच्या टोपल्या बांधलेली रिक्षा, गावजेवणाची भांडी घेऊन जाणारा टेम्पो, आणि आपला ट्रक. आता आपल्या ट्रकावर तू खूण करून टाक. पण त्या यादीत मला अजून एक घालायचंय, ते शेवटी सांगते.

आबांनी दुसऱ्या दिवशी चष्मा लावून ट्रक हातात घेतला. डाव्या दरवाजावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “यथं चुकली पोर. यथं पोच पाहिजे.” चूक तुझी नाही. तू दसऱ्याच्या फोटोवरून केलास, आणि फोटोत तिथे झेंडूची माळ आहे. माळ मीच तिथे सोडली होती. त्या माळेखाली नारळाएवढा खोल पोच होता. गॅरेजवाला काढून देत होता, मी काढू दिला नाही. तो कसा पडला हे तुझ्या बापालाही माहीत नाही, तो पाळण्यात होता. तुला सांगते. आबांना विचारलं, सांगू का? म्हणाले, सांग, समदं सांग.

आपल्या मागच्या आळीत नीराबाई म्हणून होती. माझ्याच वयाची, बावीसची. मिठागरात आम्ही बरोबर टोपल्या वाहायचो. तिच्या नवऱ्याचं नाव तुकाराम, संताचं नाव आणि हात राक्षसाचा. कधी तिचा ओठ फाटलेला असायचा, कधी डोळा काळा. विचारलं तर म्हणायची, बांधावरून घसरले. आम्ही म्हणायचो, हो बाई, बांध निसरडाच आहे. सगळ्या रोज त्याच बांधावरून चालायचो, घसरायची ती एकटीच. मग एके सकाळी तिच्या घरातून धूर आला. मी धावले. तिला बाहेर आणलं तेव्हा तिच्या लुगड्याचं आणि कातडीचं एकच झालं होतं, कुठे धरावं कळेना. मी कोपर धरलं तर माझ्या हाताला... जाऊ दे. दोन दिवस जगली. हवालदार आला, म्हणाला कसं झालं. सगळ्या म्हणाल्या, स्टोव्ह जुना होता, फुटला. मीही म्हटलं, जुना होता. प्राप्ती, स्टोव्ह नवा होता. महिन्यापूर्वी मीच तिच्याबरोबर उरणच्या बाजारात जाऊन आणला होता.

तिचं तेरावं झालं, त्याच आठवड्यात आबांनी माझा हात मोडला. हो, आबांनी. तुला ताडगोळे सोलून देणाऱ्या आबांनी. त्याआधीही मारायचे, थोबाडीत, पाठीत, मी मोजत नव्हते. त्या दिवशी ट्रकच्या काचेवर कोंबडी घाण करून गेली आणि मी ती पुसली नाही. यांच्या हातात चाकाचे नट सोडवायची टामी होती, तीच मनगटावर हाणली. सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. मग हे अंघोळीला गेले. गाणं म्हणत गेले, बघ.

मी डाव्या हाताकडे बघितलं, तो भलत्याच ठिकाणी वाकला होता. आणि मला नीराबाईचं कोपर आठवलं. बांधाच्या कामाची पहार कुडाला टेकवलेली होती. एरवी ती मला दोन्ही हातांनी जड जायची, त्या दिवशी एका हातानं उचलली. आधी दिवे फोडले, एक, दोन. मग पुढची काच. काच एकदम जात नाही ग, आधी कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकते, दुसऱ्या घावाला आत कोसळते. बॉनेटवर पाच घातले. जाळीतून पहार आत खुपसली तर रेडिएटर फुटला, तांबडं गरम पाणी माझ्या पायावर आलं, भाजलं ते रात्री कळलं. आणि डावा दरवाजा, जिथे ‘राणी’ लिहिलं होतं, त्याच्यावर सगळा जीव एकवटून एकच घाव. खोटं कशाला बोलू, मला इतकं बरं वाटत होतं की मी हसत होते. आळी गोळा झाली. कोणी जवळ आलं नाही.

आबा ओल्या पंच्यानं बाहेर आले. पहारीचं टोक मी त्यांच्या छातीला लावलं. जरा रक्तही आलं. म्हटलं, “पुढच्या खेपेला ट्रक न्हाय.” सगळ्यांना वाटलं हा आता हिला इथेच गाडणार. हे काचांत बसले आणि रडले. माझ्यासाठी नाही, ट्रकसाठी. माझी माफी मागायला तीन वर्षं लागली त्यांना. पण हात पुन्हा उचलला नाही, आणि ट्रक दुरुस्त झाला तेव्हा ‘राणी’ खोडून मागच्या फाळक्यावर माझं नाव लिहून घेतलं. त्या दसऱ्याला मी पूजेत टामी ठेवू दिली नाही, पहार ठेवली, आणि त्यांना म्हटलं आधी हिच्या पाया पडा, मग ट्रकच्या. तेव्हापासून दर दसऱ्याला आपल्या घरी पहारीला पहिली हळद लागते. तुम्ही पोरं समजलात, मिठागराचं हत्यार म्हणून. गावातल्या दोन घरांनी आमचं बघून तशीच पूजा सुरू केली, त्यांनाही कारण माहीत नाही. तिथल्या बायकांना असेल.

आता तुझ्या ट्रकाबद्दल. पहिले दोन दिवस मी आनंदानं आंधळी होते. तिसऱ्या दिवशी धूळ पुसायला घेतला. पुढच्या काचेला कडेनं पांढरी वाफ धरलेली. झटपट गोंद. माझी मास्तरीण काचेजवळ तो गोंद नेईल? मग टपावरून बोट फिरवलं तर रंगाखाली बारीक शिवण लागली, आडवी, एका कडेपासून दुसरीपर्यंत. आणि चारी चाकं बाहेर फाकलेली. प्राप्ती, मिठाच्या ट्रकात जन्म गेला माझा. गोणी जास्त झाल्या की चाकं अशी फाकतात. वरून वजन आल्याशिवाय नाही फाकत. तू फोनवर म्हणालीस, काही मोडलं असेल तर कुरियरवाल्यानं मोडलं असेल. खोक्याचे कोपरे तर करकरीत होते. आणि कुरियरवाला आधी मोडून, मग चिकटवून, वर रंग देऊन आणत नाही. त्यावर कोणाचा तरी पाय पडला. पूर्ण पाय, टाचेसकट. तू घाईत, कोणी यायच्या आत तो जोडलास.

मग मला मे महिना आठवला. आंब्याच्या दिवसांत, घामाच्या धारा लागलेल्या, आणि तू पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून बसलेली. मी विचारलं तर म्हणालीस, उन्हानं कातडी काळवंडते. आपले जावई रितेशराव शेजारी बसून आंबा चोखत होते, हसले. आणि मी, जिनं नीराबाईचा बांध बघितला, मी म्हटलं, हो बाई, ऊन फार आहे. माझ्या या तोंडाला काय म्हणू मी. एका जन्मात दोनदा.

तिसऱ्यांदा नाही. म्हणून हे पत्र. तुला धाडतेय त्या खोक्यात, कागदाखाली ठेवलंय, वर जोडायच्या जीपच्या किटचे तुकडे आहेत. हा खोका रितेश उघडणार नाही, तुझ्या खेळण्यांना तो हात लावत नाही, पाय लावतो. हा खोका मिळाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता तुझा बाप टेम्पो घेऊन पुण्यात तुझ्या दारात उभा राहील. तुझ्या बापाला, मोरूला, काल सांगितलं, तो जेवला नाही. तुझ्या आईला सांगितलं नाही, ती रडत तुला फोन करेल आणि फोन स्पीकरवर आहे. मी येते, आबा येतात, कल्पिता येते. ती साडी नेसून येईल, पण नोकरी पोलिसातलीच आहे. तिनं सांगून ठेवलंय, त्याआधी काही झालं तर तिला नुसता एक मिस्ड कॉल दे, तिथल्या पोलीस ठाण्याशी तिनं बोलून ठेवलंय. तुझे कागद, तुझे खोके आणि तुझे रंग एवढंच घे. भांडी राहू देत. आणि हे ऐक, माझ्यासारखं तिथे काही फोडायला जाऊ नकोस. माझ्या वेळी माझ्यामागे कोणी नव्हतं म्हणून पहार उचलावी लागली, आणि आबा वळले हे माझं नशीब. सगळे वळत नाहीत. नीराबाईचा नाही वळला.

खोक्यात कापसात गुंडाळलेली एक बारीक काडी मिळेल, ती फेकू नकोस. आबांनी सायकलची तार घासून पहार केली आहे, टोक काढून, दोन दिवस ओट्यावर बसून. माप तुझ्या ट्रकाच्या हिशेबानं बरोबर आहे का ते बघ म्हणाले. हळद मी लावली. खरी टेम्पोत असेल, सीटखाली, ती बाहेर काढायची वेळ येऊ नये. आणि यादीत जे घालायचं राहिलं होतं ते हे: फुटलेला ट्रक. दिवे गेलेला, काच गेलेली, नाक चेपलेलं, आणि त्यावर बसलेली एक बाई. जपानवाले नाही काढणार. आपण काढू. टीव्हीवर मांडून ठेवलेल्या तुझ्या ट्रकचा डावा दरवाजा मी अजून सरळच ठेवलाय, त्यावरचा पोच तुझ्या हातानं पडायचा आहे, इथे, ओट्यावर.

रविवारी नऊला, दारातच,
तुझीच चिमटे धरणारी,
केसर आजी