शेगडीतलं कडं

प्रिय आक्का,

चौथीनंतर मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही. आणि तुम्हाला कशाला लिहीन? दोघी जावा एका घरात. पण आज दुपारी शेगडी पालथी केली आणि त्यातून जे निघालं, ते घरात कुणाला सांगता येईना. म्हणून तुम्हालाच सांगते.

तुमच्या तेराव्यापासून आपली भुशाची शेगडी धड पेटत नाही. नुसती धुमसते. पाणी ठेवलं तर कोमट होतं, बस्स. शोभाचं लग्न पुढच्या महिन्यात. रुखवताच्या कुरडया मीच करणार, असं ती परकरात असल्यापासून तिला सांगत होतात. केल्यात का? पंधरा दिवस तापाचं निमित्त झालं आणि गेलात!

मी दोनदा गहू भिजवले, दोनदा चीक केला. दोन्ही वेळा आच पुरली नाही. चीक कच्चा राहिला, आणि वाळलेली कुरडई हातात घेतली की चुरा. शोभा तोंडावर म्हणाली, "मोठी आई असती तर असं झालं नसतं." पोटची लेक माझी, ओढा तुमच्याकडे.

"भुसाच ओला असंल," हे म्हणाले. पेठ रोडच्या वखारीतून नवा आणवला, गच्चीवर वाळवला. तेच. खालचं तोंड तारेनं मोकळं केलं. तेच. भुसा सैल भरून पाहिला, तर सगळा ढासळला आणि जाळच विझला.

पण आक्का, खोट कुठे आहे ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

तुम्ही शेगडीच्या मधोमध तुमचा दांडका उभा करायचात. भोवती भुसा ठासायचात, मग दांडका गोल फिरवत अलगद उपसायचात. मनगटाएवढं भोक पडायचं आणि त्यातून जाळ कसा सरळ वर यायचा! मी घाईनं उपसला की ओरडायचात, "अगं म्हशे, वाईच दमानं!" आता मी लाटणं उभं करते. लाटण्याच्या भोकातून कितीसा जाळ येणार?

तो दांडका म्हणजे तुमच्या आईचं मुसळ. त्या गेल्यावर तुमच्या भावानं करवतीनं त्याचे दोन तुकडे केले. वरचा त्यानं ठेवला, खालचा लोखंडी कड्याचा तुम्हाला दिला. माहेराहून, पेठकडून, एसटीत मांडीवर ठेवून आणलात. मी हसले होते. "माहेरानं काय दिलं, तर सरपण!" तुम्ही काहीच बोलला नाहीत. बोलायचं होतं ना! एरवी माझ्या अळणी आमटीवर गल्लीभर बोलायचात.

तेराव्याच्या सकाळी मी घाईनं भरलेली शेगडी ढासळली. पाहुण्यांच्या आंघोळी अडल्या, जो तो मलाच हाका मारतोय. तुमचा भाऊ अंगणात टॉवेल घेऊन उभा. आणि मला तुमचा असा राग आला! लग्न तोंडावर, आणि सगळं माझ्या गळ्यात टाकून मोकळ्या झालात. दांडका कोपऱ्यात होता. उचलला आणि घातला त्याच धुमसत्या शेगडीत. जुनं लाकूड, भडभड जळालं. तुमच्या भावानं त्याच पाण्यानं आंघोळ केली. "पाणी लय झ्याक तापलं, ताई," म्हणाला. मी मान खाली घालून दुसरी बादली भरली.

आज पालथ्या शेगडीतून राखेची खपली पडली, आणि तिच्यात ते कडं. काळं ठिक्कर, पण वाकलेलं नाही. पदरानं पुसलं. मांडीवर घेऊन बसले, आक्का. हाका मारल्या तरी उठले नाही. कधी बसले होते का अशी?

उद्या ते घेऊन वखारीत जाते. या कड्यात बरोबर बसेल असा बाभळीचा दांडका तासून घेते आणि हे कडं त्याला चढवते. ते मुसळ काही परत यायचं नाही, कळतं मला. पण शोभाच्या रुखवतात कुरडया जातील. तुमचा भाऊ लग्नाला आला की त्याला शेगडीपाशी नेऊन सगळं सांगेन. शिव्या दिल्या तर ऐकून घेईन.

आणि दांडका दमानं उपसेन. शब्द देते.

तुमची म्हैस,
कमल