वाटाण्यावरचा मावा आणि माझी शेवटची मुदत

२ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. पुढेमागे माझ्या शोधाचा इतिहास कुणी विचारलाच तर आपल्याला आठवायला हवा, एवढ्यासाठी.

परिस्थिती अशी. पीएचडीचं सातवं वर्ष. शेवटचं एक्स्टेन्शन मिळालं. १५ एप्रिलला कमिटीसमोर प्रयोग करून दाखवायचा. पटला तर थीसिस लिहायला परवानगी, नाही तर रजिस्ट्रेशन रद्द. माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, पुन्हा मुदत मागायला आलास तर आतून कडी लावून घेईन. स्वभाव विनोदी आहे त्यांचा.

विषय सोपा. वाटाण्याच्या रोपावर मावा बसतो. हिरवा, तिळाएवढा किडा, पानातला रस पितो. त्याला लेडीबर्ड खाते. लाल पाठ, काळे ठिपके, दिसायला गोंडस आणि खायला राक्षस. ती नुसती जवळ आली तरी मावा पान सोडून स्वतःला खाली झोकून देतो. शिवाय आई सतत धास्तावलेली राहिली, तर तिच्या पोरांना पंख फुटतात. बिनपंखाच्या आईला पंखवाली पोरं. मला दाखवायचंय की हे सगळं नुसत्या भीतीने होतं, लेडीबर्डने एकही मावा न खाता.

संकल्प: रोज सहाला उठणे. चिडचिड बंद.

३ फेब्रुवारी

साडेआठला उठलो. शरीराला एकदम धक्का देऊ नये.

बायकोच्या बदलीचा विषय पुन्हा निघाला. बढतीवर दुसऱ्या गावी जायचंय. माझ्या थीसिसपायी तिने दोनदा पुढे ढकललं. आता नाही म्हटलं तर बढती गेली. मे महिन्याच्या एक तारखेला तिथे हजर व्हायचं. तोवर मी मोकळा होणारच, दोघं मिळून जाऊ, असं छातीठोकपणे सांगितलं. ती हं म्हणाली. हल्ली तिचं हं फार आखूड झालंय.

९ फेब्रुवारी

लेडीबर्डचे जबडे चिकटवले. म्हणजे बाई हिंडेल, दहशत माजवेल, पण खाऊ शकणार नाही. पहिली माझ्या अंगठ्याला चिकटली. दुसरी टाइमटेबलच्या बाहीला. टाइमटेबल म्हणजे शेजारच्या टेबलावरची माझी ज्युनिअर. तिचं सगळं वेळेवर होतं. अशा माणसांची मला कीव येते.

१७ फेब्रुवारी

पिंजरे तयार. अर्ध्यांत लेडीबर्ड. उरलेल्यांत नुसती रोपं आणि मावा, त्यांना कंट्रोल म्हणायचं. तिथे शत्रू नाही, तेव्हा तिथे मावा पडता कामा नये. इतकं साधं.

भिंग घेऊन मोजायला बसलो. खोलीत मास्क लावायचा नियम आहे, पण चष्म्यावर वाफ येते, म्हणून काढला. नाक पानाला टेकेस्तोवर वाकलं तरच नीट दिसतं. लेडीबर्डच्या पिंजऱ्यात मावा भराभर पडला. खाली पांढरा कागद ठेवलाय, त्यावर हिरवी रांगोळीच. सुटकेचा मोठा सुस्कारा सोडला. आणखी पडला.

मॅडमना लगेच कळवलं. त्यांनी विचारलं, कंट्रोलमध्ये काय? ते उद्या, म्हटलं.

१८ फेब्रुवारी

कंट्रोलमध्येही पडला. तेवढाच. आज कुणाशी बोलायची इच्छा नाही.

१९ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. लेडीबर्डचा वास जाळीतून जात असणार. दोष खोलीचा आहे, लहान आहे. कंट्रोलचे पिंजरे दुसऱ्या टोकाला नेले.

२१ फेब्रुवारी

दुसऱ्या टोकालाही पडला.

२४ फेब्रुवारी

कंट्रोल वरच्या मजल्यावर हलवलं. एकेक पिंजरा, जिन्याने. टाइमटेबलने दार धरलं आणि विचारलं, यांना रोज फिरायला नेता का? दुर्लक्ष केलं.

२६ फेब्रुवारी

वरच्या मजल्यावरही पडला. डोकं पानाजवळ नेऊन तासभर नुसता बसून होतो. जितका मी वैतागतो तितका मावा जास्त पडतो. माणसाचा वैताग मुक्या जिवांना कळतो म्हणतात ते खोटं नाही.

चिडचिडीचा संकल्प मार्चपासून.

२ मार्च

सापडलं. हे अपयश नाहीच, हा शोध आहे. शत्रू एक मजला खाली असला तरी भक्ष्याला त्याची चाहूल लागते. याला मी दूरस्थ भीती असं नाव दिलंय. आजवर कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही याचंच नवल वाटतं.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, खाली लेडीबर्ड आहे हे त्यांना सांगतं कोण? म्हटलं, तोच तर पुढचा अभ्यास. मग तिने पंखांचं विचारलं. पंख असे घाईने फुटत नसतात, म्हटलं.

११ मार्च

पिंजरे वाहून कंबर धरली. डॉक्टरांनी तीन दिवस पडून राहायला सांगितलंय. मोजणी चुकवून चालणार नाही. शेवटी बायकोने रजा टाकली आणि ती गेली. ओल्या मातीच्या वासाने तिला शिंका येतात, म्हणून नाकातोंडाला मास्क, वर घट्ट रुमाल, आणि रोपांपासून हातभर लांब बसली म्हणे.

संध्याकाळी येऊन म्हणाली, लेडीबर्डकडे बरेच पडले, कंट्रोलकडे एकही नाही. मी पडल्या पडल्या तिला समजावलं की निरीक्षण ही साधना आहे. ती म्हणाली, पांढऱ्या कागदावर हिरवा किडा दिसायला साधना कशाला लागते?

१३ मार्च

तिन्ही दिवस तेच. लेडीबर्डकडे पडझड, कंट्रोल ढिम्म. आकडे तिने रेघा मारून नीट लिहून आणले होते. अक्षर छान आहे तिचं. पण दूरस्थ भीतीत ते कुठेच बसत नाहीत. एका शिकाऊ माणसाच्या आकड्यांपायी शोधाला गालबोट लागू देणं मला जमणार नाही. फाडून टाकले. विज्ञानात मन घट्ट करावं लागतं.

तिला सांगितलं. माझी तीन दिवसांची रजा होती ती, एवढंच म्हणाली. मग ताट वाढून दिलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसली.

२८ मार्च

दूरस्थ भीतीवरचं प्रकरण मॅडमना दाखवलं. वाचून त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ डोळे चोळत राहिल्या. भारावल्या असाव्यात. म्हणाल्या, हे कमिटीसमोर बोलणार असशील तर तुझ्या जबाबदारीवर बोल. स्वातंत्र्य दिलं म्हणायचं.

१० एप्रिल

सासऱ्यांचा फोन. मुलीचं सामान बांधायला कधी येऊ, विचारत होते. म्हटलं, दोघांचं बांधायचंय. ते म्हणाले, असं होय. मग हवापाण्याच्या गप्पा.

१५ एप्रिल, सकाळ

आज. इस्त्रीचा शर्ट. सहाला उठलो. बायकोने जाताना कॉलर सरळ केली. म्हणाली, जमेल तेवढं कमी बोल.

१५ एप्रिल, दुपार

हे लिहूच नये असं वाटतं. पण लिहितो.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, मितभाषी. मी कंट्रोलच्या पिंजऱ्यावर वाकून दूरस्थ भीती समजावायला सुरुवात केली. मावा पडला. बघा, म्हटलं. परीक्षकांनी मला दोन पावलं मागे व्हायला सांगितलं. पडायचा थांबला. पुन्हा पुढे या, म्हणाले. पडला. मागे. थांबला. कवायत केल्यासारखं चाललं होतं. मग ते स्वतः वाकले आणि चष्म्याची काच पुसताना सोडतो तसा तोंडाने गरम श्वास पानावर सोडला. झाडून सगळा मावा कागदावर.

म्हणाले, गाय चरायला येते तेव्हा आधी तिचा श्वास पानावर येतो. जो मावा तेव्हा उडी टाकत नाही, तो पानासकट तिच्या पोटात जातो. म्हणून त्यांना ही सवय लागली आहे. लेडीबर्डला ते घाबरतातच, पण तुमच्या प्रयोगात तुम्ही गाय आहात.

टाइमटेबलला खोकला आला.

मॅडमनी विचारलं, मास्क लावून कुणी मोजलं होतं का? बायकोने, म्हटलं, तीन दिवस. कंट्रोलमध्ये एकही पडला नव्हता. मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. सात वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे आशेने बघत होत्या. म्हणाल्या, अरे मग तोच तर तुझा निकाल आहे. आण ते आकडे, त्यावर मी मुदत मागते यांच्याकडे. फाडले, म्हटलं. त्या पुन्हा खुर्चीत मागे टेकल्या. परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं.

१६ एप्रिल

रजिस्ट्रेशन रद्द. तसा मीच कंटाळलो होतो. किड्यांत करिअर नाही.

बायकोला सगळं सांगितलं, अगदी गायीसकट. हसेल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, तिन्ही दिवसांचे फाडलेस? हो म्हटलं.

२० एप्रिल

दिवस असेच राहत नाहीत. मॅडमनी आज मुद्दाम बोलावून घेतलं. टाइमटेबलने नवा विषय घेतलाय, श्वासाला घाबरणारा मावा. तिला रोज दुपारी पानावर श्वास सोडायला खात्रीचा माणूस हवा आहे. माझा श्वास लागू पडतो हे कमिटीसमोर सिद्ध झालेलंच आहे. मॅडम म्हणाल्या, नुसता श्वास सोडायचा. कशाला हात लावायचा नाही आणि मोजायचं तर मुळीच नाही. मोठा विश्वास टाकला त्यांनी. मी हो म्हटलं. मेपासून सुरुवात.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती तिकीट काढायला बसली होती. म्हणाली, श्वास तिकडेही सोडता येतो. एक काढू की दोन?

म्हटलं, अशा गोष्टी घाईत ठरवायच्या नसतात, टाइमटेबलला शब्द दिलाय, दोन दिवसांत विचार करून सांगतो. ती हं म्हणाली.

२२ एप्रिल

विचार झाला. जायचं. एकदम ठाम. खड्ड्यात गेला मावा, बायकोशिवाय मला इथे एक दिवस करमायचं नाही, हे तिला स्पष्ट सांगायचं ठरवलं आणि सांगितलंही.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, तिकीट मी परवाच काढलं. एक.