करोडगिरीचा नाका आणि मी

१२ फेब्रुवारी १९३९, रविवार. चिखली.
सत्यभामेला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्यातला रिवाज. लेक दिली मोगलाईत, टेंभूरखेडला. इथून सात कोस. मध्ये निजाम सरकारचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. पुढच्या रविवारी मी स्वतः जाऊन तिला घेऊन येणार. ठरलं. मुद्दाम लिहून ठेवतो.
घरात सांगितलं. तानुबाई म्हणाली, "पुढच्या रविवारी काऊन? उद्याच जा ना." बायकोला प्रोसीजर कळत नाही.

१४ फेब्रुवारी.
बाजारात एकच बातमी. इकडून निजामाविरुद्ध सत्याग्रहींचे जथे मोगलाईत घुसतात म्हणून नाक्यावर कडक तपासणी. नाव, गाव, काम. संशय आला की परत, नाहीतर सरळ तुरुंग. मागल्या आळीतला अर्जुनराव धरला गेला. सहा महिने!
डोकं भणाणलं. वीस वर्षं तहसिलीसमोर अर्जनवीस म्हणून बसतो आहे, मला कायदा शिकवता? वऱ्हाड कागदोपत्री आजही निजामाचंच. इंग्रजांकडे नुसता कारभार. म्हणजे मी आपल्याच धन्याच्या ओसरीवरून माजघरात चाललो आहे. आणि त्याला परवाना? कोणतं सेक्शन? दाखवा!

१९ फेब्रुवारी, रविवार.
गेलो नाही. भिऊन नव्हे. डिसेंबरात इथे सत्याग्रहींच्या बाजूने सभा झाली, तेव्हा आभाराचा ठराव मी मांडला होता. दोनच वाक्यं, पण जोरदार. तिकडच्या पोलिसांकडे यादी असते. माझं नाव पहिल्या पाचांत असणार. अशा माणसाने उठून जाणं म्हणजे लेकीच्या सासरी धाड ओढवून आणणं. केवळ त्या लोकांच्या काळजीने थांबलो.

२२ फेब्रुवारी.
अर्ज केला. वरच्या कचेरीला. अकरा कलमं. तिसऱ्या कलमात 'अत्याचार' होतं ते खोडून 'गैरसोय' केलं. शब्द सौम्य, आग तीच. आठ दिवसांत सरकार हलतं की नाही पाहा.

१० मार्च.
सरकार हललं नाही.
गफ्फार गाडीवान दर मंगळवारी मिरच्या भरून पलीकडच्या बाजाराला जातो. आज दारात थांबून म्हणाला, "चला साहेब माह्या गाडीत. जमादार इचारते अन् सोडून देते." मी ठणकावलं, वशिल्याने जाणारा मी नव्हे. जाईन तर हक्काने. तर म्हणतो, "मंग हक्काची गाडी कवा निंगते?"
गाडीवान फार शेफारले आहेत.

२१ मार्च.
जावयाचं, कारभारीचं, कार्ड. कारभारी लिहितो, "आपण कधी येता? ही रोज पांदीच्या वाटेकडे बघत बसते. अजून उशीर झाला तर गाडीचा हादरा सोसणार नाही."
तीन पानी उत्तर धाडलं. दोन मुलखांमधल्या सरहद्दीचा कायदा त्याला सविस्तर समजावून दिला. तानुबाई दोन दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही. ताट मात्र आपटते.

४ एप्रिल, मंगळवार.
निघालो! गफ्फारच्याच गाडीत, पण हक्काने. एक उर्दू वाक्य घोकून ठेवलं होतं, "मैं इज्जतदार आदमी हूँ, मेरा रास्ता कोई नहीं रोक सकता." वाटेत चाळीस वेळा म्हटलं. गफ्फार म्हणाला, जरा हळू म्हणा, बैल बुजते.
दुपारी नाका दिसला. रस्त्यावर आडवा बांबू, लिंबाखाली बाज. पांढऱ्या टोपीचा एक तरुण माणूस खाली बसवलेला. जमादार त्याची पिशवी उलटी करत होता. एक धोतर आणि मूठभर शेंगदाणे पडले. तो माणूस मातीतून एकेक शेंगदाणा वेचू लागला.
नेमक्या त्याच वेळी माझ्या ध्यानात आलं की डावा बैल लंगडतो आहे.
गफ्फार म्हणाला, नाही लंगडत. मी म्हटलं, लंगडतो. मुक्या जनावराचे हाल मला बघवत नाहीत. फिरव गाडी.
पाहणी मात्र पुरी झाली. बांबू अंदाजे नऊ हात लांब.
गावाच्या तोंडाशी गफ्फारने गाडी थांबवली. मग म्हणाला, "बैल चांगला हाय माहा. तुमाले वयनीले जे सांगाचं ते सांगा. मी काही नाही बोलत." मला कोणाची दया नको आहे! घरी सांगितलं, नाका बंद आहे.

११ एप्रिल, मंगळवार.
तानुबाईला टेंभूरखेडला पाठवलं. म्हणजे मी उठून ओसरीवर आलो तेव्हा ती गफ्फारच्या गाडीत बसलेली होती. मांडीवर डिंकाचे लाडू, शेजारी मऊ जुन्या लुगड्यांचं गाठोडं. म्हटलं, तुला अडवतील. ती म्हणाली, "अडवतीन तं तितीच बसीन. पोरीपासून जवळ तं राहीन."
कपाळावर हात मारून घेतला. नवऱ्याच्या अब्रूचा विचारच नाही.

१२ एप्रिल.
गफ्फार परतला. नाक्यावरची हकिकत अशी. जमादार म्हणाला, "कहाँ, अम्मा?" ही म्हणाली, "लेकीचं बाळंतपण हाय, बाबा." त्याने बांबू उचलला.
संपलं!
हा काय बंदोबस्त झाला? चौकशी नाही, नोंद नाही, गाठोडं उघडून पाहिलं नाही! बॉम्ब असता तर? माझ्यासारखा कायदा पाळणारा माणूस दोन महिने अर्ज लिहितो आणि ही बया बाबा म्हणून निघून जाते. नाका चालवायचा तर नीट चालवा, नाहीतर बंद करा.
सत्यभामेला आता हलवता येत नाही. उशीर झाला, म्हणे. म्हणजे माझं नातवंड जन्मतःच मोगलाईची रयत. याला जबाबदार कोण? सरकार. दुसरं स्मरणपत्र उद्याच.

१० मे, बुधवार. सकाळी नऊ.
गफ्फार बैल न सोडताच दारात उभा. सत्यभामेला कालपासून कळा. मूल आडवं आहे. तिथली सुईण हात टेकून बसली. तानुबाईचा निरोप, "असाल तसे या."
साडेदहा. निघण्याआधी नाक्यावर दाखवायला हातात काहीतरी कागद हवा. लाल शाईने 'अत्यंत तातडीचे' लिहिलं. गफ्फार बाहेर थांबला आहे.
बारा. पहिला मसुदा फाडला. 'मरणोन्मुख' हा शब्द लिहवत नाही, आणि त्याच्याशिवाय अर्जाला जोर येत नाही. गफ्फारने दोनदा हाक मारली. मी ओरडलो, दिसत नाही का, काम करून राह्यलो!
एक. दुसरा मसुदा. शाई दौतीतच वाळते. ऊनच तसं आहे.
दोन. बाहेर पाहिलं. गाडी नाही. न सांगता गेला. लोक किती बेजबाबदार असतात!
चार. काही सुचत नाही. तिच्या लहानपणी तिला पाटी मीच गिरवायला शिकवली.

१२ मे.
काल मुलगी झाली. दोघी सुखरूप.
गफ्फार इथून निघाला तो आपल्या घरी गेला. बायकोला गाडीत घातलं आणि तिला घेऊन सरळ टेंभूरखेड. ही नूरबी पंचक्रोशीतली नाणावलेली सुईण. तिने पोटावर तेल चोळून मूल वळवलं म्हणे.
मला का नाही विचारलं? एक शब्द टाकला असता, तर मीही बसलो असतो.

१८ मे.
अर्जाचं उत्तर आलं. एक ओळ. "घरगुती कामासाठी जाणाऱ्यास या कचेरीच्या परवान्याची जरुरी नाही. अर्ज दप्तरी दाखल."
अकरा कलमांना एक ओळ! आणि परवाना लागतच नव्हता, तर हे मला आधी कोणी सांगायला नको? कागद चुरगाळून फेकला. मग उचलून सपाट केला. असू द्यावा बरोबर.

२३ मे, मंगळवार. टेंभूरखेड.
काल बारसं होतं. आलो.
गफ्फारने गाडी दारात आणली, 'बसा' म्हणाला. नाक्यावर कारकुनाने नाव विचारलं. सांगितलं. तीनदा सांगावं लागलं, तरी त्याने आडनाव, हुद्दा सोडून नुसतं 'उकंडा' एवढंच लिहिलं. काम काय? घोकलेलं उर्दू कुठल्या कुठे गेलं. म्हटलं, "बारसं." तो म्हणाला, "मुबारक हो," आणि बांबू वर. मी म्हटलं, एकदा तुमची यादी बघता का, माझं नाव असेल. "कसली यादी?" गफ्फारने मला दंडाला धरून गाडीत बसवलं.
कारभारी पांदीपर्यंत सामोरा आला. "या मामा." इतक्या दिवसांबद्दल एक शब्द नाही. त्यापेक्षा भांडला असता तर बरं झालं असतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती.
सत्यभामा बाजेवर. रक्त नसल्यासारखी पांढरी, डोळे खोल गेलेले. मला पाहून उठायला लागली. मी नको म्हटलं तरी उठली. पोर माझ्या मांडीवर दिली. एवढीशी, पण मुठी घट्ट आवळलेल्या.
कारभारीची आई सांगू लागली. दोन दिवस पोरगी तडफडत होती. बायका बोलल्या, बाप सात कोसांवर आणि फिरकला नाही, कसला बाप. तर ही तसल्या कळांमध्ये त्यांच्यावर उखडली. म्हणे, "माह्या बापाले काही बोलू नका. त्याह्यले नाक्यावर सोडून नाही राह्यले. सोडलं असतं तं ते रांगत आले असते."
सत्यभामेने माझ्या अंगरख्यावरची धूळ झटकली आणि विचारलं, "बाबा, लय तरास देला का हो त्या नाक्यावाल्यायनं?"
तानुबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. गफ्फार दारात बसला होता, तो बैल बघायला उठून गेला.
मी म्हटलं, "हो पोरी. फार दिला."