तांबेऱ्याच्या पुड्या

मानिझालेस,
मंगळवार, १२ मे

प्रिय आई,

तुझे गुडघे काय म्हणतात? मी ठणठणीत. गावच्या चिवा बसने पाठवलेल्या मक्याच्या गरमागरम भाजलेल्या आरेपा पोचल्या. प्रयोगशाळेतल्या मंडळींनी अर्ध्या पळवल्या आणि वर विचारतात, "तुझी आई आम्हाला दत्तक घेईल का?" फोन न करता लिहितेय, कारण आपल्या फोनला रोसाल्बा मावशीचा कान कायम चिकटलेला असतो.

कॉफीवरचा तांबेरा पानात कसा घुसतो, ते मी सुट्टीत तुम्हाला सांगितलं होतं. ही बुरशी पानाच्या पेशीत बोट खुपसते आणि स्वतःच्या पोटात बांधलेल्या इवल्या इवल्या पुड्या त्यातून आत धाडते. पान भोळं. घरचीच पुडी समजून घेतं आणि पहारा सोडतं. तेव्हा तू म्हणालीस, "अगं, ही बुरशी आहे की घरोघरी पुड्या पोचवणारा चिवावाला?" सगळं स्वयंपाकघर हसलं. मी का नाही हसले, ते पुढे येईल.

आधी आनंदाची बातमी. आम्ही बुरशीची पुड्या धाडायची वाटच बंद पाडून पाहिली, आणि पान हिरवंगार राहिलं! मी खुर्चीवर चढून नाचले. खुर्ची मोडली.

आता जरा जड. आपल्या मळ्यातली आजारी पानंही मी तपासली. तांबेरा लागणार नाही म्हणून ओविदिओकाकांनी तुला विकलेली रोपं खोटी नव्हती गं. त्या रोपांना बुरशीच्या जुन्या पुड्या ओळखता येत होत्या. बुरशीने पुड्याच बदलल्या. रोपं फसली, काकाही फसले. आणि तू दोष त्यांनाच दिलास; आपल्या अंगणातून कॉफी न पिता परत गेलेला माणूस तो एकच.

आठवतं, मी फोनवर तू पाठवलेल्या पिशवीतल्या पेरूच्या वडीचं कौतुक केलं होतं? तू म्हणालीस, "कसली वडी? डोकं फिरलंय का तुझं?" वर्षभर मी ती तुझीच समजून खात होते. मग चिवावाल्याला गाठलं. तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "तुमच्या आई, डोन्या लिगिया, पिशवी देतात, पण माझ्याशी बोलत नाहीत. विचारायचं कुणाला? ठेवली आपली न विचारता."

हो आई, तोच. एदिल्सोन, ओविदिओकाकांचा मुलगा. पुड्यांची वाट अडवायचं शिक्षण घेतलंय मी, पण ही अडवावीशीच वाटली नाही. मला त्याच्याशी लग्न करायचंय, आणि तुला रुसवून करायचं नाही.

हे पत्र त्याच्याच हाती देतेय. आत काय आहे ते त्याला ठाऊक नाही. त्याला वाटतंय, मी आणखी आरेपा मागवल्यात. तू हे वाचतेस तेव्हा तो टोपी हातात धरून कुंपणापाशी उभा असेल आणि मागे चिवातले उतारू त्याच्या नावाने शंख करत असतील. चुलीवर कॉफी असेलच.

कप दोन काढ.

तुझीच, पार आतपर्यंत तांबेरा लागलेली,
लुस्दारी