रानातली माती

आबा, तुमच्या चाकणच्या रानात सध्या कलाकार राहायला आलेत. तुम्ही गेल्यावर मी तिथे गोदाम बांधलं आणि एका कंपनीला भाड्याने दिलं. कंपनीने ते सोडलं तेव्हा एका संस्थेने दोन महिन्यांसाठी भाड्याने घेतलं. मातीचं महत्त्व शोधायला म्हणे! शहरातली दहा-बारा मुलं तिथे राहतात, मातीवर चित्रं काढतात, मातीला कान लावून बसतात. काल त्यांच्या कार्यक्रमाला जागामालक म्हणून मलाही बोलावलं, नारळ दिला आणि 'आपले शेतकरी काका' म्हणून पुढे बसवलं. एवढा संताप झाला म्हणून सांगू!

शेल्फवर काचेच्या बरण्या मांडल्या होत्या. एका बरणीवर लिहिलेलं, 'या शेताची माती'. आत काय, तर लाल मुरूम. गोदामाखाली भरायला डंपरने आणलेला. आणि ही पोरं डोळे मिटून त्याचा वास घेतायत! एक मुलगी मला म्हणते, "काका, चपला काढा ना, मातीशी नातं जुळतं." मला सांगते! नांगरटीत ढेकळांनी माझे पाय सोलून निघाले तेव्हा हिचा जन्मही झाला नव्हता.

तुम्ही आठवलात. संध्याकाळ आहे, आपण रानातून निघालोय, मी आठ-नऊ वर्षांचा, घाईघाईने बांध ओलांडतो. तुम्ही मानगूट धरून मला मागे ओढता. "रान घरी घिऊन चाललास व्हय रं? झटक ते पाय हितंच. रानाची माती रानातच ऱ्हाऊ दे." एक पाय झटकून झाला की दुसरा. ढेकूळ पडल्याशिवाय तुम्ही मला बांध ओलांडू देत नसा. मला तो तुमचा नसता चिकटपणा वाटायचा.

शेवटी मला राहवलं नाही. भर कार्यक्रमात उठून मी ओरडलो, "ही माती न्हाई, भराव हाय! काळी माती बघितलीय का कदी?" त्या मुलीचा चेहरा उतरला. तिने बरणी खाली ठेवली आणि अगदी साधेपणाने विचारलं, "मग इथली माती कुठे गेली, काका?"

राग त्यांचा नव्हता, आबा. पाया खणताना जेसीबीपाशी मीच उभा होतो. वरची हातभर काळी माती मीच खरवडून ट्रकमध्ये भरायला लावली आणि पिंपळे सौदागरला आमच्या सोसायटीत नेली. लॉनसाठी. मी तेव्हा कमिटीवर होतो; सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही खूश झालो. आता तिथे 'गवतावर चालू नये' अशी पाटी आहे.

त्या मुलीला मी म्हणालो, "काय ठावं न्हाई." मग घरी आलो, लॉनच्या कडेला उभं राहून दोन्ही पाय झटकले आणि लिफ्टने वर गेलो.